नाव काढलं!

कोथरूडमध्ये भेटवस्तू कुणाच्याच कायमच्या मालकीची नसते. ती फक्त मुक्कामाला येते. वास्तुशांतीला आलेलं सहा बोल्सचं खोकं डहाणूकर कॉलनीतल्या एखाद्या माळ्यावर पावसाळा काढतं, तिथून मयूर कॉलनीत कुणाच्या तरी मुंजीला जातं, मग साठीशांतीच्या निमित्तानं पौड रस्ता ओलांडतं आणि दिवाळीच्या सुमाराला वनाजजवळच्या नव्या फ्लॅटमध्ये पुन्हा माळ्यावर चढतं. प्रत्येक मुक्कामी खोक्याला नवी सेलोटेप लागते, नवा चकचकीत कागद लागतो. आतले बोल्स मात्र कुणीच पाहिलेले नसतात. कदाचित ते बोल्स नसतीलही, ताटल्या असतील. माझा तर दाट संशय आहे की कधीकाळी पुण्यात लेमन सेटचा एकच टेम्पो आला होता आणि तोच माल अजून फिरतो आहे.

या व्यवस्थेत कुणाचंही नुकसान नाही. कुणाला खर्च नाही, कुणी रिकाम्या हातानं जात नाही, आणि माळेही तसे हलतेफिरते राहतात. पत्रिकेवर ‘कृपया आहेर आणू नये’ असं छापणारे लोक तेवढे व्यवस्थेच्या आड येतात. पण ते वाक्य गंभीरपणे घ्यायचं नसतं, हे आपल्याकडे लहान मुलालाही कळतं.

तर असं सगळं सुरळीत चाललेलं असताना आमच्या घरातून त्यात पाचर मारली गेली. आमचे हे निवृत्त झाले आणि त्यांनी स्क्रोल सॉ घेतलं.

ज्यांनी हे मशीन पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी सांगते. खाली छोटं लोखंडी टेबल, वर पुढे आलेला लांब हात, आणि दोघांच्या मध्ये ताणून बसवलेलं दोऱ्याएवढं बारीक, पाच इंची पातं. मोटर चालू केली की पातं जागच्या जागी खालीवर नाचतं. करवत हलत नाही, लाकूड फिरवायचं. सुताराच्या करवतीला सरळ जायची सवय असते; हे पातं जिलबी काढतं. आमच्या पिढीतल्या पुष्कळांनी शाळेत हस्तव्यवसायाच्या तासाला यू आकाराच्या फ्रेमची हातकरवत धरून प्लायवूडचं हरिण कापलेलं असेल. त्याला फ्रेटवर्क म्हणायचे आणि हरिणाचा एक पाय हटकून मोडायचा. त्या हातकरवतीला मोटर लावली की झालं स्क्रोल सॉ. मोटरच्या आधी पायानं चालवायची यंत्रं होती. अमेरिकेत इलिनॉयमधल्या रॉकफर्ड गावच्या बार्न्स बंधूंची पायटे असलेली यंत्रं एकोणिसाव्या शतकात घरोघरच्या हौशी लोकांनी घेतली होती. म्हणजे नवऱ्यानं घरात भुसा करणं ही काही कोथरूडची देणगी नव्हे. त्या अमेरिकन बायकांबद्दल मला अलीकडे फार आपुलकी वाटू लागली आहे.

मशीन दिसायला आणि ऐकायला थेट शिलाई मशीनसारखं. त्यामुळे दुसऱ्याच दिवशी समोरच्या वहिनी हातावर साडी टाकून दारात उभ्या. “पिको-फॉल सुरू केलंत, फार बरं झालं. आमचा तो माणूस आठ-आठ दिवस लावतो हो.” मी काही न बोलता त्यांना बाल्कनीत नेलं. तिथे हे बसले होते. चष्म्यावर दुसरा चष्मा, नाकावर करोनाच्या काळातला उरलेला एन-९५, डोक्याला माझी जुनी ओढणी, आणि भुवयांपासून चपलांपर्यंत सगळीकडे सागवानाचा भुसा. वहिनींनी साडी झटकन पदराआड घेतली. तेवढ्यात ह्यांनी मास्क खाली करून विचारलं, “वहिनी, तुमचं माहेरचं नाव की सासरचं?” साडी घेऊन आलेल्या वहिनी किल्ल्या अडकवायची पाटी घेऊन परत गेल्या. त्यावर त्यांचं नाव होतं. व्यवस्थेला पहिला तडा गेला तो इथे.

लाकडाचं म्हणाल तर भवानी पेठेत टिंबर मार्केट आहे. तिथे माणसं ट्रक घेऊन येतात आणि घनफुटाच्या भाषेत बोलतात. हे तिथे कापडी पिशवी घेऊन जातात आणि दोन्ही हातांनी पुस्तकाएवढी खूण करून “एवढंसं सागवान आहे का?” विचारतात. सुरुवातीला एका दुकानदाराला वाटलं, मागून आणखी कुणीतरी येणार असेल. कुणी येत नाही हे बघून त्यानं कडेला पडलेले तुकडे दाखवले आणि म्हणाला, “काका, ते घेऊन जा असेच.” उभ्या नोकरीत न मिळालेला आनंद घेऊन हे घरी आले. तेव्हापासून त्यांची नजरच बदलली. पेठेतला एखादा जुना वाडा पाडताहेत असं कळलं की लोक हळहळतात, जुने फोटो काढतात, पेपरात पत्र लिहितात. हे पिशवी शोधतात. शंभर वर्षं मुरलेलं सागवान पुन्हा मिळणार आहे का, असा त्यांचा सवाल असतो, आणि त्याला माझ्याकडे उत्तर नसतं.

प्लायवूडला मात्र त्यांनी बराच काळ माफ केलं नव्हतं. वरून गुळगुळीत आणि पोटात पोकळी, असा तो माल. पातं नेमकं त्या पोकळीत गेलं की महिनाभर जपलेल्या मोराची मान तुटते. दुकानदार शपथेवर सांगतो की हे आयएस ७१० आहे, मरीन आहे, पाण्यात टाकलं तरी काही होणार नाही. ह्यांचा मोर पाण्यात राहणार नसतो, भिंतीवर राहणार असतो, हे त्याला कोण सांगणार?

पात्यांचा प्रश्न लाकडाहून बिकट. रविवार पेठेतल्या बोहरी आळीत जगातली कुठलीही लोखंडी वस्तू मिळते अशी ह्यांची श्रद्धा होती. मी बरोबर होते म्हणून हा संवाद शब्दशः सांगू शकते.

“स्क्रोल सॉचं ब्लेड आहे?”

“जिगसॉचं?”

“नाही, स्क्रोल सॉचं. पाच इंची. बिनपिनचं.”

“हॅकसॉचं चालेल?”

“अहो, त्यापेक्षा खूप बारीक. दोऱ्याएवढं. दात असलेलं.”

दुकानदारानं ह्यांच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं, आणि सहानुभूतीनं म्हणाला, “मॅडम, पुढच्या गल्लीत शिवणाचं सामान मिळतं.”

शेवटी पाती परगावाहून पार्सलनं येऊ लागली. बारा-बाराची जुडी. त्यांचे दात इतके बारीक की वर कुठलं टोक नि खाली कुठलं, हे डोळ्यांना दिसत नाही. बोट फिरवून ओळखावं लागतं. दात खालच्या बाजूला हवेत. उलटं बसलं तर लाकूड टेबलावर टुणटुण उड्या मारतं आणि मी स्वयंपाकघरातून “दात बघा, दात!” असं ओरडते. एका पाहुण्यांनी हे ऐकून घाईघाईनं कवळी चाचपली होती.

पातं बसवल्यावर ताण बरोबर आहे का हे बघण्याची पद्धत अशी की ते बोटानं छेडायचं. नीट ताणलं असेल तर स्वच्छ, उंच सूर येतो. ढिलं असेल तर बद्द वाजतं. जगभरचे हौशी लोक इथे थांबतात आणि कापायला घेतात. पण हे पुणं आहे. सवाई गंधर्व महोत्सव १९५३पासून चालू असलेल्या गावात तार छेडून नुसतं “ठीक आहे” म्हणता येत नाही. हे डोळे मिटतात. “काळी चार,” म्हणतात. खालच्या मजल्यावरचे काका स्वतःच्या बाल्कनीतून वर तोंड करून, “उतरलंय. पांढरी पाचच्या आत आहे,” असं कळवतात. मग पुन्हा ताणायचं. यात पातं तुटतं. तुटलेल्या पात्यावर सुराच्या दृष्टीनं चर्चा होते. एवढ्यात जेवायची वेळ होते.

आता मुख्य गोष्टीकडे येते, म्हणजे नावाकडे. ज्याला भेट द्यायची त्याचं नाव लाकडातून कापलंच पाहिजे, असा ह्यांचा हट्ट आहे. आणि मी शाळेत आयुष्यभर मराठी शिकवलेलं असल्यामुळे या खात्याची तपासनीस मी.

पहिल्या आठवड्यात ह्यांनी जाहीर केलं की लाकूडकामासाठी देवनागरीसारखी लिपी पृथ्वीच्या पाठीवर नाही. इंग्रजी अक्षरं सुटी-सुटी उभी राहतात, त्यांना खालून पट्टी द्यावी लागते. आपल्याकडे वरून शिरोरेषा, तिला सगळी अक्षरं लोंबकळलेली. ‘कमल’ कापा, ‘सरला’ कापा, अख्खं नाव एका तुकड्यात हातात येतं. जणू सुतारांना विचारूनच लिपी बसवली होती. दुसऱ्या आठवड्यात ‘माधव’ आला.

‘ध’च्या डोक्यावरची रेघ पुरती नसते. ‘भ’ची नसते, ‘थ’चीही नसते. त्यामुळे ‘माधव’ कापला की ‘मा’ एकीकडे पडतो आणि ‘धव’ दुसरीकडे. ह्यांनी मला न विचारता मधली रेघ जोडून टाकली आणि ‘माघव’ तयार करून आणला. मी तो पाहिला आणि माझा हात सवयीनं लाल पेनाकडे गेला. पूर्ण रेघ दिली की ‘ध’चा ‘घ’ होतो, ‘भ’चा ‘म’ होतो, ‘थ’चा ‘य’ होतो, हे मी किती पिढ्यांच्या वह्यांत लिहिलं असेल! घरात मात्र ‘शुमांगी’ आणि ‘अयर्व’ अशी दोन बाळं त्या एकाच आठवड्यात जन्माला आली. ह्यांचं म्हणणं, लांबून कळत नाही. माझं म्हणणं, कोथरूडमध्ये लांबून बघणारे लोक राहत नाहीत. अखेर शिरोरेषेची साथ सोडून ‘ध’, ‘भ’, ‘थ’वाल्यांना इंग्रजांसारखी खालून पट्टी द्यायचं ठरलं. त्या नावांची माणसं आमच्याकडे मनातल्या मनात वेगळ्या रांगेत उभी असतात. पुतण्याच्या बाळाचं नाव ठरायचं होतं तेव्हा ह्यांनी फोन करून ‘अथर्व’ऐवजी ‘समर’ सुचवलं ते काही आधुनिक विचारांमुळे नव्हे.

अनुस्वार हा त्याहून मोठा शत्रू, कारण तो हवेत असतो. लाकडाला हवेत राहता येत नाही. शिरोरेषेला टेकवला तर अक्षराला पुटकुळी आल्यासारखी दिसते. म्हणून ह्यांनी टिंब वेगळं कापून मागच्या फळीवर फेव्हिकोलनं चिकटवायची पद्धत काढली. आमच्या ओळखीच्या एका कुटुंबानं बंगला नव्यानं रंगवला होता. बंगल्याचं नाव ‘चिंतामणी’. ह्यांनी सागवानाची देखणी पाटी करून दिली, फाटकाशेजारी लावली, फोटो निघाले. पहिल्या मोठ्या पावसात टिंब गळून पडलं. चिता आणि चिंता यांत एका टिंबाचाच फरक, हे सुभाषित सगळ्यांना पाठ असतं. ते फाटकावर लावायची मात्र कुणाची तयारी नसते. घरातल्या आजींनी, वय ब्याऐंशी, सकाळी फुलं वेचायला बाहेर पडताना पाटी वाचली आणि आत जाऊन मुलाला म्हणाल्या, “एवढी काय घाई आहे रे?” टिंब नंतर पारिजातकाच्या आळ्यात सापडलं. आता ते स्क्रूनं बसवलं आहे.

‘व’, ‘ब’, ‘प’, ‘ष’ यांची पोटं कापताना आधी आत भोक पाडायचं, पातं एका टोकाला सोडवून त्या भोकातून ओवायचं, पुन्हा ताणायचं, पुन्हा सूर बघायचा, पोट कापायचं, पातं काढायचं. आधी आतलं सगळं, मग बाहेरचं. बाहेरून आधी कापलं तर धरायला काही उरत नाही. ‘विश्वंभर’ नावाच्या गृहस्थांना भेट द्यायची म्हणजे पंधरवडा जातो. कापून निघालेली पोटं ह्यांना टाकवत नाहीत. ती एका बरणीत ठेवली आहेत. आमच्या सगळ्या नातेवाइकांच्या नावांतल्या पोकळ्या त्या बरणीत आहेत आणि कुणाची कुठली हे ह्यांना ओळखू येतं.

एवढं करून भेट द्यायला गेलं की समोरचा माणूस हातात घेतो, उलटसुलट करतो, आणि तो प्रश्न विचारतो: “वा! लेझर कट का?”

हा प्रश्न ज्यानं शोधला त्याला ह्यांनी माफ केलेलं नाही. हल्ली एमडीएफवर लेझरनं कापलेली नावं, तोरणं, शुभ-लाभ तुळशीबागेपासून कर्वे रस्त्यापर्यंत कुठेही मिळतात. २०१८ साली थर्माकोलवर बंदी आली, मखरवाले लाकडाकडे वळले आणि लेझरची चलती झाली. फाईल टाका, अर्ध्या तासात पन्नास घ्या. ह्यांचा युक्तिवाद असा की लेझर लाकूड कापत नाही, जाळतं. त्याच्या कडा तपकिरी होतात आणि त्यांना करपल्याचा वास येतो. पात्यानं कापलेल्या कडेला लाकडाचाच वास. म्हणून ते लगेच म्हणतात, “वास घ्या.” मी अशी मंगल कार्यालयं पाहिली आहेत की जिथे नवरा-नवरी बाजूला राहिली आणि आहेराच्या टेबलाशी आठ-दहा वऱ्हाडी पाट्या नाकाला लावून उभे. एका मावशींनी डोळे मिटून दीर्घ श्वास घेतला आणि निर्वाळा दिला, “हं. उदबत्तीसारखं आहे.” त्यानंतर कुणीतरी म्हणतंच, “छान आहे, अशीच तुळशीबागेत दीडशेला मिळते.” त्या वेळी ह्यांना पाणी द्यावं लागतं.

संक्रांतीला तर मीच फितूर झाले. वाण लुटायचं होतं. दरवर्षी प्लास्टिकची चाळण घेऊन आणि प्लास्टिकची चाळण देऊन मी कंटाळले होते. चार प्लाय एकावर एक चिकटवले की एकाच कापात चार वस्तू निघतात, असं ह्यांनी सांगितलं तेव्हा मला मोह पडला. मोबाइल ठेवायचे स्टँड ठरले, पतंगाच्या आकाराचे. चार प्लाय एकदम कापताना पातं पोटात तिरकं जातं. वरचा पतंग सुबक, दुसरा बरा, तिसरा वाऱ्यावर, चौथा कापला गेलेला. हळदीकुंकवाला ज्यांना चौथे मिळाले त्या बायका कोण, हे सोसायटीत अजून चर्चेत आहे. मी मुद्दाम कुणालाच निवडलं नव्हतं. एकीला निवडलं होतं.

पण खरी गंमत सुरू होते भेट दिल्यानंतर. सातबाऱ्यावर नाव लागावं तसं त्या वस्तूवर माणसाचं नाव लागलेलं असतं. ती पुढे सरकवता येत नाही. मुंजीला नेता येत नाही, कामवाल्या मावशींना देता येत नाही, माळ्यावर टाकली तर नेमके आम्ही कधी येऊ याचा नेम नाही. आयुष्यात पहिल्यांदाच कोथरूडमधल्या माणसाला अशी वस्तू मिळते जी खरोखर त्याचीच आहे, आणि तो हबकतो. एकदा अचानक एका घरी गेलो. बेल वाजवली. आत कुजबुज, मग खुर्ची सरकल्याचा आवाज, मग हातोडीचे तीन ठोके. दार उघडलं तेव्हा यजमान घामाघूम आणि आमचा मोर भिंतीवर थोडा डोलत होता. “कालच लावला हो,” ते म्हणाले. प्लास्टरचा चुरा सोफ्यावर होता. तेव्हापासून कुणाकडे जायचं असलं की मी अर्धा तास आधी फोन करते. माणुसकी म्हणून.

व्यवस्थेनंही हार मानलेली नाही. आमच्या नात्यात तीन स्नेहल आहेत. एकीला डोहाळजेवणात नावाची पाटी दिली होती. पुढच्या वर्षी दुसऱ्या स्नेहलकडे मंगळागौरीला गेले तर पाटी तिथे, नव्या कागदातून नुकतीच निघालेली. मी घरी येऊन ह्यांना सांगितलं तर त्यांना वाईट वाटायचं सोडून भरून आलं. “म्हणजे दोघींना आवडली,” म्हणाले. तिसरीला मी अजून भेटलेले नाही.

माझं माहेर सावंतवाडीचं. तिथे लाकडाची कौतुकं नसतात, कारण चितारआळीतून जाताना लाकडाचं पिकलेलं केळं आणि लाकडाचं देठासकट वांगं लहानपणापासून दिसत असतं. लेथवर फिरवून गोल केलेली, लाखेच्या रंगांनी चकचकीत झालेली ती फळं माशीसुद्धा फसावी अशी. अशा गावी लाकडाचा आंबा घेऊन जाऊ नका, असं मी ह्यांना बजावलं होतं. स्क्रोल सॉवर कापलेली वस्तू कितीही नाजूक असली तरी शेवटी ती फळीच, तिला पोट-पाठ कुठून येणार? ह्यांनी ऐकलं नाही. माझ्या थोरल्या भावानं आंबा हातात घेतला, डोळ्यांसमोर आडवा धरून त्याची जाडी बघितली आणि म्हणाला, “आंबो बरो आसा. पण चपटो कित्याक गो? ट्रकाखाली गावलो काय?” ह्यांनी मोती तलावाला फेरी मारली आणि येताना म्हणाले, लेथ मशीन केवढ्याला येतं ते बघायला हवं. त्या दिवसाबद्दल मी भावाला अजून माफ केलेलं नाही.

मुलांच्या बाबतीत मात्र ह्यांना यश आलं, निदान येता-येता राहिलं. लाकडी नकाशा देशांच्या सीमेवर कापून त्याचं कोडं करायची युक्ती लंडनच्या जॉन स्पिल्सबरीची, १७६०च्या दशकातली. ह्यांनी महाराष्ट्राचं करायचं ठरवलं, भाच्याच्या मुलासाठी. राज्य झालं तेव्हा २६ जिल्हे होते. २०१४ला पालघर झाला आणि ३६ झाले. कापायला दहा जिल्हे वाढले, त्याबद्दल ह्यांनी सरकारला बरंच सुनावलं. कापून, घासून, रंगवून, नावं लिहून नकाशा तयार होऊन पोचला आणि औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर, उस्मानाबादचं धाराशिव झालं. तुकडे परत मागवून रंग खरवडला. ते पोचते करतोय तोवर अहमदनगरचं अहिल्यानगर झालं. राज्यातला सर्वांत मोठा जिल्हा, नाव लिहायला जागा तरी भरपूर आहे, असं म्हणून ह्यांनी समाधान मानलं.

अडचण आली मुंबईची. मुंबई शहर हा जिल्हा लाकडात चण्याच्या डाळीएवढा होतो. एका संध्याकाळी भाचेसुनेचा रडवेल्या आवाजात फोन आला: “मामी, मुंबई सापडत नाहीये. यानं गिळली की काय कळत नाही.” हे फोनशेजारीच होते. मुंबई गिळायला आजवर किती जण टपले आणि कुणाला जमलं नाही, असं काहीतरी त्यांनी सुरू केलं तेव्हा मी फोन आत नेला. तासाभरानं मुंबई कॉटच्या खाचेत सापडली. मूल सुखरूप, मुंबईचा थोडा कुलाबा चावलेला. त्या रात्री बाल्कनीत निर्णय झाला आणि नकाशाच्या पुढच्या आवृत्तीत मुंबई शहर, उपनगर आणि ठाणे यांचा एकच तुकडा केला गेला. कुठल्याही आंदोलनाशिवाय.

मला काळजी वेगळीच आहे. या गावात नवऱ्याच्या छंदाचा शेवट कुठे होतो ते मी बघून आहे. दिनकर केळकर अडकित्ते, दिवे, दारं, जे दिसेल ते जमवत गेले, कमलाबाईंनी त्यांना साथ दिली, आणि १९७५ साली तो पसारा सरकारकडे सुपूर्द करावा लागला; आज आपण त्याला राजा दिनकर केळकर संग्रहालय म्हणतो आणि परगावचे पाहुणे नेऊन दाखवतो. आमच्या कोथरूडातच भाऊसाहेब जोशी छोट्या आगगाड्या करत गेले, तर १९९८ साली त्या आगगाड्यांचं संग्रहालय उभं राहिलं. बघायला दोन्ही ठिकाणं फार सुंदर. पण मी ती गृहिणीच्या नजरेनं बघते. या सगळ्या वस्तू आधी कुठल्यातरी हॉलमध्ये होत्या, कुठल्यातरी बाईनं त्यांच्यावरची धूळ झटकली होती. रेल्वेच्या संग्रहालयातून बाहेर पडताना हे म्हणाले, “जागा लागतेच गं.” त्यांची नजर पाहुण्यांच्या खोलीच्या दिशेनं होती, आणि आम्ही तेव्हा घरापासून एक किलोमीटरवर होतो.

सोसायटीचं म्हणाल तर सुरुवातीला सेक्रेटरींनी आवाजाबद्दल लेखी तक्रार दिली होती. मग ओल्या कचऱ्याच्या खड्ड्याला वास येऊ लागला, आणि कोरडा भुसा घातला की वास बसतो असं कुणीतरी सांगितलं. तेव्हापासून सेक्रेटरी दर रविवारी सकाळी बादली घेऊन आमच्या दारात येतात आणि, “या आठवड्यात जरा कमीच झालं काम,” असं ह्यांना म्हणतात. प्लायचा भुसा ते घेत नाहीत. त्यात गोंद असतो. सागवानाचाच लागतो.

गेल्या महिन्यात ते बादलीबरोबर एक कागदही घेऊन आले. प्रवेशद्वारासाठी लाकडी पाटी हवी होती, अक्षरं कापून केलेली, भारदस्त. ह्यांना हर्ष झाला. कागद उलगडला तर मजकूर पानभर. पुण्यात अक्षरागणिक पैसे घेतले असते तर पाट्या तीन शब्दांच्या झाल्या असत्या; पण हे काही घेत नाहीत हे समितीला माहीत होतं. वाहनं कुठे लावू नयेत, कबुतरांना काय घालू नये, कुंड्यांना पाणी घालताना खालच्या मजल्याचा विचार कसा करावा, लिफ्टचं दार किती जोरानं लावू नये. शुद्धलेखन तपासायला कागद माझ्याकडे आला. नऊ नंबरचा नियम असा होता: ‘दुपारी १ ते ४ या वेळेत लाकूडकामाचे वा तत्सम यंत्र चालवण्यास सक्त मनाई आहे.’

मी तो मोठ्यानं वाचला. सेक्रेटरी बादलीत बघू लागले. ह्यांनी कागद घेतला, चष्मा दुसऱ्या चष्म्यावर चढवला आणि शांतपणे वाचला.

“पोटं फार आहेत यात,” ते म्हणाले. “दुपारचंही बसावं लागेल. नियम लागू कधीपासून?”

“पाटी लागल्यापासून,” सेक्रेटरी म्हणाले.

“मग हरकत नाही.”

पाटीचा पहिला शब्द ‘सूचना’ आहे. त्यातला ‘सू’ कापून झाला. गणपतीपर्यंत ‘चना’ होईल, असं हे म्हणतात.